गुरुवारची सतरंजी

मित्रांनो, सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. मी एक जुनी सतरंजी आहे. मला कुणी गालिचा म्हटलेलं चालत नाही. गालिच्यावर लोक बिनदिक्कत जोडे घालून चालतात. माझ्यावर बसायला येणारा मात्र, मग तो कितीही मोठा असो, आधी दाराबाहेर चपला काढतो. तेव्हा माझ्या बोलण्यात थोडा तोरा जाणवला तर समजून घ्या. एवढं वय झाल्यावर आणि एवढी माणसं बसवल्यावर तो शोभतो, असं माझं मत आहे.

माझा जन्म ग्वाल्हेरातच झाला. एका विणकराने मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, लोखंडी पंजाने सूत ठोकून ठोकून मला विणलं. एक तांबडा पट्टा, एक निळा, पुन्हा तांबडा. वीण इतकी घट्ट की माझ्यावर चहा सांडला तर तो मुरण्याआधी जरा थांबतो आणि तेवढ्यात कुणीतरी फडकं घेऊन धावतं. पुढे दाल बाजारातल्या एका दुकानात मी गुंडाळून उभी ठेवलेली असताना एक नवं जोडपं आलं. नवऱ्याला खुर्च्या घ्यायच्या होत्या. बायको माझ्यावरून हात फिरवत म्हणाली, "खुर्चीवर एकच माणूस बसतं. आपल्याकडे पुष्कळ माणसं यायची आहेत." नवरा हसला आणि मला खांद्यावर टाकून दाणाओळीतल्या आपल्या घरी घेऊन आला. ते सदाशिवराव, शाळेतले ड्रॉइंग मास्तर. आणि ती पद्मा.

दोघं ख्रिस्ती. सदाशिवरावांचे आजोबा नगरकडून इकडे आले आणि इथलेच झाले. ग्वाल्हेरात मराठी माणसं पुष्कळ, पण त्यांत ख्रिस्ती घरं अगदी थोडी आणि तीही लांब लांब विखुरलेली. रविवारी सगळे चर्चमध्ये भेटत, पण तिथली उपासना हिंदीतून. आपलं गाणं आणि आपलं रडणं आपल्या भाषेत व्हावं म्हणून पद्माने गुरुवारची प्रार्थना सुरू केली. संध्याकाळी कुणाच्या तरी घरी मला अंथरायचं. चार गीतं व्हायची, शास्त्रातला एक भाग वाचला जायचा, मग कुणीतरी साक्ष द्यायचं. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते आपल्या तोंडाने सांगायचं. त्यानंतर गुडघे टेकून प्रार्थना आणि शेवटी चहा.

पद्माने एक नियमही घालून दिला होता. सभा संपल्यावर जो माझी घडी घालेल, त्याच्या घरी पुढच्या गुरुवारची सभा. कुणी कुणाला विचारायचं नाही, कुणी आग्रह करायचा नाही. ज्याला वाटेल त्याने उठावं, घडी घालावी आणि मला घेऊन जावं. त्यामुळे सायकलच्या कॅरिअरवर, टेम्पोच्या टपावर आणि स्कूटरवर नवराबायकोच्या मधे बसून मी ग्वाल्हेरचा सगळा लष्कर भाग पाहिला. पद्माच्या घरी यायची पाळी असली की ती आणि सदाशिवराव मिळून घडी घालत. ती एक टोक धरायची, ते दुसरं धरायचे. मला ताणून, झटकून दोघं एकमेकांकडे चालत यायचे आणि त्यांचे हात मधे भेटायचे. चारचौघांत एवढी जवळीक त्या काळी फक्त माझ्या निमित्ताने खपून जायची.

बाकीचे दिवसही मी रिकामी नसे. दाणाओळीत कुणाकडे हळदीकुंकू असो, सत्यनारायण असो, मुंज असो, निरोप यायचा, "पद्मावहिनी, तुमची मोठी सतरंजी द्याल का?" पद्मा कधी नाही म्हणाली नाही. परत येताना माझ्या अंगाला कधी उदबत्तीचा वास असे, कधी केशरी भाताचा. ती मला उन्हात घालायची, झटकायची आणि गुरुवारी पुन्हा अंथरायची. माझ्यावर कोण कोणाचं नाव घेऊन बसलं, यावरून मी कधी कुणाला टोचले नाही.

आता सदाशिवरावांबद्दल सांगते. काय सुंदर साक्ष द्यायचे! आवाज खणखणीत, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. एकदा सुरू झाले की चहा उकळून उकळून काळा व्हायचा आणि उषाताई, ज्या गीतांना सूर लावायच्या, त्या हळूच खोकायच्या. सदाशिवरावांना आपला आवाज जरासा आवडायचाच, खोटं कशाला बोलू? पण ते जे सांगत ते मनापासून सांगत. मी त्यांच्या गुडघ्यांखाली असायची, तेव्हा मला पक्कं ठाऊक.

पद्माची तऱ्हा वेगळी होती. ती साक्ष द्यायला उभी राहिली की दोन वाक्यांत आटोपायची. तिचं खरं काम सभेनंतर सुरू होई. समोरच्या घरातल्या विजयाबाईंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. एक बाजू लुळी पडली होती आणि अंथरूण सुटत नव्हतं. दर गुरुवारी पद्मा चहाचा थर्मास घेऊन त्यांच्याकडे जायची, बशीने त्यांना चहा पाजायची आणि म्हणायची, "आज तुमच्यासाठी देवाकडे मागितलं बरं का." विजयाबाईंच्या उशाशी खंडोबाचा टाक होता. पद्माने तो हलवा असं कधी सुचवलंसुद्धा नाही. एका थंडीत शेगडीतला निखारा उडून माझा एक कोपरा जळाला, तेव्हा तिने आपल्या निळ्या साडीचा काठ कापून तिथे ठिगळ लावलं. तीच पुढे तिची बसायची जागा झाली.

मित्रांनो, मग पद्मा आजारी पडली.

त्या महिन्यांत सदाशिवराव गुरुवारची वाट पाहत नसत. रोज सकाळी मला अंथरत आणि त्या ठिगळावर गुडघे टेकत. मंडळीतले सगळे येऊन देवाकडे मागून गेले. विजयाबाईंनी अंथरुणावरून नवस बोलला. तरी पद्मा गेली. त्या दिवशी माझ्यावर सगळी गल्ली बसली होती आणि मला एवढंच वाटत होतं, की आज माझी कुणी घडी घालू नये.

त्यानंतर सदाशिवरावांच्या तोंडून प्रार्थनेचा एक शब्दही निघाला नाही. गीत सुरू झालं की ओठ मिटलेले. साक्षीची वेळ आली की नजर खाली. घडी घालायची वेळ झाली की हा माणूस सगळ्यांच्या आधी दाराशी जाऊन बूट घालत असे. घडीला दोन टोकं असतात आणि त्यांचं दुसरं टोक धरणारं कुणी उरलं नव्हतं. अशा रीतीने मी ज्या घरची, त्या घरी जायची बंद झाले. मंडळीत कुजबूज झाली, "मास्तरांचा विश्वास गेला." मला असा संताप आला! अहो, विश्वास गेलेला माणूस जानेवारीच्या धुक्यात मफलर गुंडाळून दर गुरुवारी कशाला येईल? सुखात असताना येणारे मी पुष्कळ पाहिले. काही मिळत नसताना, काही सुचत नसताना येऊन त्या ठिगळावर मुकाट बसणारा एकच पाहिला. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि आजही वाटतो.

माझेही दिवस फिरले होते. कुणी पुण्याला गेलं, कुणी इंदूरला. राहिलेल्यांच्या घरी सोफे आले आणि माझी घडी बहुतेक वेळा उषाताईच घालू लागल्या. उषाताईंची सून यशश्री चांगली पोरगी, पण तिने मला कपाटावर सुटकेसच्या खाली दाबून ठेवलं आणि प्लास्टिकच्या चटया आणल्या. बुधवारी रात्रीपर्यंत मी डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून असे. उषाताई गुरुवारी आठवणीने मला खाली काढायच्या, म्हणून माझी लाज राहिली.

असाच एक थंडीतला गुरुवार. सभा उषाताईंकडे होती. दार वाजलं आणि मल्हारराव आत आले. मल्हारराव म्हणजे विजयाबाईंचे यजमान. त्यांचं घराणं जुनं, फौजेतलं. मिशा अजून तशाच. सदाशिवरावांचे शाळासोबती, त्यामुळे दोघांत अरेतुरे. हातात तीळगुळाच्या गजकचा पुडा होता.

"हिने पाठवलंय," ते म्हणाले. "म्हणाली, समोरून गाण्याचा आवाज येत नाही आजकाल, जाऊन बसा जरा. मी बसू की नको?"

"अहो बसा ना, आपलंच घर आहे," उषाताई म्हणाल्या.

ते माझ्यावर बसले. गीतांच्या वेळी मान डोलावली, प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटले. आणि मग, चहाचे कप उचलले जात असताना, कुणाला काही कळायच्या आत मल्हारराव गुडघ्यांवर बसले आणि माझी घडी घालू लागले. एकट्याने, जमिनीवरच. कोपऱ्याला कोपरा जुळवून अशी घडी घातली की एक सुरकुती दिसेल तर शपथ. फौजेतलं रक्त!

"मल्हारराव, अहो हे काय केलंत!" उषाताईंनी कपाळाला हात लावला आणि त्यांना नियम सांगितला.

मल्हाररावांनी माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. "म्हणजे पुढच्या गुरुवारी तुम्ही सगळे माझ्याकडे?"

"चुकून झालं रे," सदाशिवराव दारातून घाईने म्हणाले. "तू खाली ठेव ती सतरंजी. तुला अडचण नको."

"अडचण कसली? घडी घातली म्हणजे घातली." मल्हाररावांनी मला खांद्यावर टाकलं. "माझ्या दारी माणसं यायची आणि मी नाही म्हणायचं, असं आमच्याकडे झालेलं नाही. फक्त एक सांगून ठेवतो. माझ्या घरी सदाशिव बोलेल. बाकी कुणाचं मी ऐकून घेणार नाही."

सदाशिवरावांचा चेहरा पांढराफटक पडला. ते एका पायात बूट घालून तसेच उभे राहिले.

मला मल्हाररावांनी नेऊन विजयाबाईंच्या खोलीत ट्रंकेवर ठेवलं. तिथून मी सगळं ऐकलं. त्यांचा मुलगा उत्कर्ष रात्री कामावरून आला आणि ऐकून चिडला. "बाबा, मोहल्ल्यात गोष्टी होतील. आजकल माहौल देख रहे हो ना? कोणी म्हणेल, आईला बाटवायला आले."

"पद्मा इतकी वर्षं येत होती," विजयाबाई अडखळत म्हणाल्या. त्यांची जीभ जड झाली होती, पण डोकं शाबूत होतं. "मला बाटवलं काय तिने? टाक तिथेच आहे की, बघ."

"आई, वो बात अलग थी."

"काय अलग? माझं अंग पुसायची ती. तू तेव्हा कॉलेजात होतास."

उत्कर्षच्या कपाळावरची आठी मात्र गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिवराव आले. हे घर त्यांनी पद्मा गेल्यापासून टाळलंच होतं. मला ट्रंकेवर पाहून त्यांनी नजर वळवली आणि मल्हाररावांना म्हणाले, "मला मोकळं कर बाबा. उषाताई बोलतील. माझ्याच्याने होत नाही."

"का? पूर्वी तर तुला आवरावं लागायचं."

"तेव्हा माझ्याजवळ सांगायला होतं. आता तोंड उघडलं तर एक तर खोटं बोलेन, नाही तर भलतंच काही बोलेन. मंडळी आधीच थोडी राहिली आहे. माझं ऐकून तीही उठून जाईल."

त्यांच्या मनात ही भीती होती, हे मला त्या दिवशी कळलं. इतके दिवस हा माणूस गप्प होता तो रागाने तर होताच, पण आपल्या रागाने दुसऱ्या कुणाचा दिवा विझू नये म्हणूनही होता.

विजयाबाईंनी आपला चांगला हात उचलून त्यांना जवळ बोलावलं. "भावोजी, एक विचारू? पद्मा दर गुरुवारी यायची आणि म्हणायची, तुमच्यासाठी मागितलं. ती गेल्यावर माझ्यासाठी कोण मागतं?"

सदाशिवरावांनी त्यांची सरकलेली रजई पायांवर ओढली आणि ते निघून गेले. येतील की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही.

गुरुवारी संध्याकाळी मल्हाररावांनी मला विजयाबाईंच्या पलंगाशेजारी अंथरलं. उषाताई आल्या, यशश्री आली, बाकीची मंडळी आली. उत्कर्ष बूट घालूनच दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून, जणू पहाऱ्यावर. आणि सगळ्यांत शेवटी, मफलर गुंडाळून, सदाशिवराव आले. माझा जीव भांड्यात पडला.

मल्हाररावांनी विचारलं, "टाकावर पडदा ओढू का रे?"

"कशाला? घर तुझं आहे," सदाशिवराव म्हणाले आणि पद्माच्या ठिगळावर बसले.

गीतं झाली. उषाताईंनी मुद्दाम पद्माच्या आवडीचं गीत घेतलं. शास्त्रपाठ झाला. मग सगळे थांबले. सदाशिवराव उभे राहिले नाहीत. बसूनच बोलले, आणि तो जुना खणखणीत आवाज कुठेच नव्हता.

"मला साक्ष द्यायला सांगितलंय. माझ्याजवळ चांगलं सांगण्यासारखं काही नाही. पद्मा आजारी होती तेव्हा मी ह्याच सतरंजीवर रोज मागत होतो. ती गेली. मी देवावर रागावलो. अजून रागावलेलोच आहे."

उषाताईंनी गीतांचं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"तरी गुरुवार आला की पाय घरात राहत नाहीत. मी स्वतःला विचारतो, तू जातोस कशाला? एवढंच कळतं की जो नाहीच, त्याच्यावर इतका राग धरता येत नाही. आमच्या प्रभूनेही क्रुसावरून बापाला जाब विचारला होता, आणि विचारून झाल्यावर पुन्हा त्याच्याच हाती स्वतःला दिलं होतं. पहिलं मला जमलंय. दुसरं अजून जमत नाही. ते जमेपर्यंत येऊन बसायचं, एवढं मी ठरवलंय. संपली माझी साक्ष."

मित्रांनो, त्यांच्या उमेदीच्या काळातल्या सगळ्या साक्षी मी ऐकल्या आहेत. त्यातली एकही हिच्या जवळपास येत नाही. उषाताई पदराने डोळे पुसत होत्या. यशश्री हळूच म्हणाली, "काका, मला पण कधीकधी असंच लागतं. मला वाटायचं, असं मनात आलं की इथे बसायचा हक्क जातो." सदाशिवरावांनी तिच्याकडे चमकून पाहिलं. जी मंडळी उठून जाईल म्हणून ते घाबरत होते, ती मंडळी आणखी सरकून जवळ बसली होती.

मग ते वळले आणि पलंगाच्या बाजूला तोंड करून गुडघ्यांवर आले. ते वजन मी लगेच ओळखलं. फार दिवसांनी माझ्यावर तसं पडलं होतं.

"बापा," ते म्हणाले, "वहिनींसाठी मागतोय. त्यांना झोप लागू दे. हाताला जोर येऊ दे. पद्मा मागायची तेच मागतोय. माझं तुझ्याशी बोलायचं बाकी आहे, ते नंतर बघू. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले. मल्हाररावही म्हणाले, जरा मोठ्यानेच. विजयाबाईंनी चांगला हात लुळ्या हाताखाली घालून दोन्ही हात जोडले होते.

चहा झाला. गजक फिरला. मग ती वेळ आली, जेव्हा सगळे माझ्यावरून उठतात आणि कोण वाकतो ते पाहतात. सदाशिवराव सवयीने दाराशी गेले, बुटाशी वाकले. आणि थांबले. परत आले. त्यांनी माझं एक टोक उचललं आणि तसेच उभे राहिले. दुसरं टोक जमिनीवर पडलं होतं. त्यांनी समोर पाहिलं, जिथे पद्मा उभी राहायची, आणि माझं टोक छातीशी घट्ट धरलं.

तेवढ्यात चौकटीला टेकलेला उत्कर्ष सरळ झाला. त्याने बूट काढले, आत आला आणि दुसरं टोक धरलं. "काका, झटकायची ना आधी?" त्याने विचारलं.

"हो," सदाशिवराव म्हणाले. "जोरात."

दोघांनी मला झटकलं, ताणलं, आणि ते एकमेकांकडे चालत आले. हात मधे भेटले. सदाशिवरावांनी त्या पोराचे हात क्षणभर सोडले नाहीत.

"पुढच्या गुरुवारी माझ्याकडे," ते मंडळीला म्हणाले.

तेव्हा पलंगावरून खुसखुस ऐकू आली. विजयाबाई वाकड्या झालेल्या ओठांनी हसत होत्या. "पद्माने मला नियम सांगितलेला होता," त्या म्हणाल्या. "म्हणून तर ह्यांना म्हटलं, नुसते बसून येऊ नका. निघताना सतरंजीची घडी तुम्हीच घाला, रीत आहे तशी."

"म्हणजे तू मला फसवलंस?" मल्हाररावांच्या मिशा थरारल्या.

"सतरंजी घरी पोचवायची होती," विजयाबाई म्हणाल्या.

आणि पोचले मी. सदाशिवरावांच्या खांद्यावरून, समोरचा रस्ता ओलांडून, माझ्या घरी. आता गुरुवार फिरत असतो. उत्कर्ष कधीकधी येतो, बूट बाहेर काढून कडेला बसतो आणि नुसतं ऐकतो. विजयाबाईंचा हात अजून लुळाच आहे. सदाशिवराव कधी गातात, कधी गात नाहीत. पण प्रत्येक सभेनंतर चहाचा थर्मास घेऊन समोरच्या घरी जातात आणि सांगतात, "वहिनी, मागितलं बरं का."

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखी कुणी जुनी सतरंजी कपाटावर पडलेली असेल. तिला खाली काढा, ऊन दाखवा, फाटली असेल तिथे चांगल्या कापडाचं ठिगळ लावा आणि चार माणसं बोलावून अंथरा. आणि कधी तिचं एक टोक हातात धरून कुणी एकटंच उभं राहिलेलं दिसलं, तर त्याला काही विचारू नका. बूट काढा आणि दुसरं टोक धरा.